वजनकाट्यापर्यंतची लाल गाडी

नागपूर, ४ जानेवारी २०२६

ज्यांचे वडील घराबाहेर फार चांगले बोलतात अशा सर्व मुलींनो,

तुमची तक्रार एकच आहे आणि ती रास्त आहे. ज्या माणसाने मंचावरून हजार लोकांना विचार करायला लावलं, त्याने जेवणाच्या ताटावर तुमचं एक वाक्यही पुरतं ऐकून घेतलं नाही. तुम्हाला वडील हवे होते आणि तुमच्या वाट्याला वक्ता आला.

पत्र लिहायला बसलो आणि सभेची सुरुवात लिहून झाली. खोडत नाही. अशा मुली पुष्कळ असतील. मी ओळखतो ती एकच, आणि हे पत्र तिला आहे.

उन्नती, चौदा महिने झाले. फोनवर तू मला बंद करून ठेवलं आहेस. पोस्टमनला बंद करता येत नाही, म्हणून लिहितो. तू कळमेश्वरला, मी इथे, मधे पाऊण तासाचा रस्ता. एवढ्या अंतरासाठी लोक पत्र लिहीत नाहीत हे मला कळतं.

विषय गाडीचा आहे. लाल गाडी काढून टाकावी आणि हायब्रिड घ्यावी का, हे मला ठरवायचं आहे. कारखान्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडतं ते मोजणं हे तुझं रोजचं काम. माझ्या ओळखीत या विषयावर बोलण्याचा अधिकार तुझ्याइतका कोणाला नाही, म्हणून तुझ्यापुढे बाजू मांडतो. दोन्ही बाजू मीच मांडतो. वकिलाला ते जमायला हवं.

लाल गाडी मी नऊ वर्षांपूर्वी, पन्नाशीला, लकडगंजच्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून घेतली. त्याचा मुलगा परदेशी गेला आणि गाडी वखारीत सागाच्या ओंडक्यांशेजारी उभी राहिली होती. दोन दारं, दोन माणसं, छप्पर मागे जातं. लिटरला आठ किलोमीटर, तेही रस्ता मोकळा असेल तर. हायब्रिड वीसच्या वर देते म्हणतात. इथे एका बाजूचा युक्तिवाद संपायला हवा.

पण लाल गाडी वर्षाला तीन हजार किलोमीटरही धावत नाही. हायब्रिड घेतली तर तिच्या अंगी चांगुलपणा आहे या समाधानात मी ती पंधरा हजार फिरवीन. मग हवेला कोणती बरी? पूर्ण विजेची घ्यावी, तर वीज कोराडीच्या कोळशाच्या केंद्रातून येणार. म्हणजे धूर माझ्या दारात निघण्याऐवजी तिथे राहणाऱ्या माझ्या वडिलांच्या, आबाजींच्या दारात निघणार. मी तीस वर्षं त्याच धुराविरुद्ध बोलतो आहे.

आता दुसरी गोष्ट, जी तुला तोंडपाठ आहे. आबाजी त्या केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कामाला होते आणि रविवारी कॉलनीत साहेबांच्या गाड्या धुवायचे. मी बादली धरायचो. गाडीवर राखेचा थर असायचा, पिठासारखा. मी एकदा फडकं घेऊन पुसायला गेलो तर त्यांनी हात धरला. “आधी पानी ओत, मंग हात लाव. कोरडी पुसली त गाडी सोलून निंघन.” राखेत बारीक काच असते, हे मला पुढे पुस्तकात वाचायला मिळालं. त्यांना हाताने माहीत होतं. त्या धुतलेल्या गाड्यांत आम्ही कधी बसलो नाही. माझे आजोबा छप्पन्न साली दीक्षेला नागपूरपर्यंत पायी आले होते, पाठीवर भाकरी बांधून. त्यांच्या नातवाने छप्पर उघडणारी गाडी चालवली, तर हिशेब कोणी मागायचा? आमच्या माणसाने लोकांसाठी बोलायचं असेल तर त्याने फाटकंच राहावं, ही अट कोणी घातली? गरिबी हा आपला गणवेश नाही. हे मी गाडी घेतली तेव्हा म्हणालो होतो, आजही म्हणतो.

आबाजींना पहिल्यांदा बसवलं तेव्हा ते वळून मागे बघत होते. “मांगं कोनी बसत नाई का गा याच्यात?” मी म्हणालो, नाही, दोघांचीच आहे. “मंग पोरगी कुठं बसन?” आपण तिघंही हसलो होतो. तू फाटकापाशी उभी होतीस, वीस वर्षांची.

दहा नोव्हेंबरच्या सभेबद्दल या पत्रात लिहीत नाही. तू एक प्रश्न विचारलास, मी उत्तर दिलं, टाळ्या पडल्या. गाडीबद्दल तुझं मत कळव.

बाबा


नागपूर, १८ जानेवारी २०२६

उन्नती,

उत्तर आलं नाही. अपेक्षा धरली नव्हती, हे खोटं लिहिणार होतो.

काल तुझ्या आईला घेऊन शोरूमला गेलो. सुमंत नावाचा मुलगा गाडी दाखवत होता. तिशीचा असेल, गळ्यात ओळखपत्र, बोलण्यात घाई नाही. त्याने आम्हाला पांढऱ्या हायब्रिडमध्ये बसवलं आणि वर्धा रोडवर एक फेरी मारायला लावली.

“सर, सिग्नलला ही आपोआप बंद होते.”

“आणि पुन्हा?”

“पाय ठेवला की चालू. आवाजच नाही. तुम्हाला समजणार पण नाही बंद होती की चालू.”

तुझी आई मागून म्हणाली, “भाऊ, हे यंत्र माणसात बसवून मिळतं का? यांना एक बसवून घेते.”

सुमंत हसला नाही, फक्त आरशात बघितलं. चांगला विक्रेता होणार. आई मागे पाय पसरून बसली होती. लाल गाडीत ती नऊ वर्षांत चारदा बसली आहे. प्रत्येक वेळी डोक्याला रुमाल बांधून, केस उडतात म्हणून, आणि प्रत्येक वेळी उतरताना माझा हात धरून. काल स्वतः दार उघडून उतरली. मी ते पाहिलं आणि हायब्रिडच्या बाजूने एक मुद्दा लिहून ठेवला.

कागदपत्रं बघताना सुमंत एकदम म्हणाला, “सर, तुम्ही गजभिये वकील ना? माझे काका कोराडीला आहेत, ते तुमचं सांगत असतात. सगळे पुढारी गाड्यांतून येतात आणि हा माणूस बसने येतो म्हणतात. तुम्ही सभेत तिकीट काढून दाखवलं होतं ना?”

मी म्हणालो, जुनी गोष्ट आहे.

“मग सर, गाडी कोणासाठी घेताय? मॅडमसाठी?”

तुझ्या आईने माहितीपत्रक उघडलं आणि वाचत बसली. मी म्हणालो, हो, मॅडमसाठी.

परत येताना छत्रपती चौकात सिग्नलला थांबलो. ती म्हणाली, “तो पोरगा तुमच्या मतदारसंघातला नव्हता. त्याला तरी खरं सांगायचं होतं.” मी कधी निवडणूक लढवली नाही. मतं मागायची नसतानाही मी मतं मागितल्यासारखा बोलतो, हे तिला म्हणायचं होतं.

तेव्हा आता दहा नोव्हेंबरचं लिहितो. घटना क्रमाने लिहितो, विशेषणं वापरत नाही.

कोराडी नाक्याच्या अलीकडे अंकुशचा वजनकाटा आहे. राखेचे आणि कोळशाचे ट्रक तिथे चढतात, वजन होतं, उतरतात. काट्याच्या मागे पत्र्याची शेड आहे. सभा असली की मी लाल गाडी त्या शेडमध्ये लावतो, चालत बसथांब्यावर येतो आणि पुढचे दोन थांबे बसने जातो. हे मी सहा वर्षं केलं. अंकुशला सगळं माहीत आहे. तो म्हणतो, “वकीलसाहेब, नवी नवरी माहेरी सोडावं तशी गाडी सोडून जाता तुमी. रडत असन ना थे मांगं.” मी त्याला कधी गप्प राहायला सांगितलं नाही. तो आपणहून राहिला, आणि मला त्याबद्दल त्याचे आभार मानावे लागले नाहीत हे सोयीचं होतं.

त्या दिवशी तू आलीस हे मला मंचावर चढल्यावर दिसलं. तू शेवटून तिसऱ्या रांगेत होतीस. माझं भाषण चांगलं झालं. राख भांड्यांत कशी उतरते, वाळत घातलेल्या कपड्यांचा रंग कसा बदलतो, लहान मुलांचा खोकला शाळा सुटेपर्यंत कसा थांबत नाही, हे सगळं खरं होतं आणि खऱ्या रागाने बोललो होतो. सूत्रसंचालकाने विचारलं, कोणाला काही विचारायचं आहे का. तू उठलीस. तुझे शब्द होते, “वक्ते आज इथपर्यंत कशाने आले?”

मी म्हणालो, “बसने.” आणि खिशातून तिकीट काढून वर धरलं. टाळ्या पडल्या. त्या तिकिटावर कुठून कुठे हे छापलेलं असतं. तू ते मागितलं असतंस तर दोन थांब्यांचं निघालं असतं. मंचापासून तुझ्यापर्यंत कोणाला ते वाचता येणार नाही, हे मला माहीत होतं.

तू बसली नाहीस. तू म्हणालीस, “आणि त्याच्या आधी?”

तेव्हा मी म्हणालो, “या ताई कोण आहेत, मला माहीत नाही. कुठल्या कारखान्यात नोकरी करतात आणि कोणाच्या वतीने विचारतात, ते त्यांनी आधी सांगावं.”

बाकी तुला माहीत आहे. लोक वळले. “कंपनीची हाय, कंपनीची” असं मागून सुरू झालं. कोणीतरी तुझी खुर्ची ओढली. तू ज्या दिशेने गेलीस तिकडे मी पाहत होतो आणि माइक माझ्या हातात होता. मी दोन शब्द बोललो असतो तर ते थांबले असते. मी पाणी प्यालो.

सभा संपल्यावर काट्यावर गेलो. गाडीवर राख बसली होती. घरी जायची घाई होती, तुझ्या आधी पोचावं म्हणून. मी रुमाल काढला आणि कोरडीच पुसली. बॉनेटवर ओरखडे आले, अर्धवर्तुळाकार, हात फिरला तसे. रंगारी म्हणाला, पूर्ण रंग काढावा लागेल. मी तसंच राहू दिलं आहे. घरी पोचलो तेव्हा तुझी खोली रिकामी होती.

विशेषणं वापरायची नव्हती. काही आली आहेत. त्यांतलं एक, ‘खऱ्या’. ते राहू दे. राग खरा होता.

हायब्रिडचा निर्णय अजून झालेला नाही.

बाबा


नागपूर, २ फेब्रुवारी २०२६

उन्नती,

आबाजींना रुग्णालयात नेल्याचं तुला आईने कळवलं होतं आणि तू येऊन गेलीस. आता ते घरी आहेत, त्यांच्याच. आपल्याकडे चला म्हणालो तर म्हणाले, तुह्या घरी राख नाही, मले झोप येनार नाही. श्वास आला की माणूस आधी थट्टा करतो, असं डॉक्टर म्हणाले.

तू आलीस त्याच्या आधी काय झालं ते तुला कोणी सांगितलं नसेल. आईलाही मी अर्धंच सांगितलं.

बुधवारी संध्याकाळपासून त्यांना दम लागत होता, म्हणून मी वस्तीवर मुक्कामाला गेलो. घाईत पहिल्यांदाच गाडी काट्यावर न लावता, अंधारात थेट त्यांच्या दारासमोर आणली होती. सकाळी सातला त्यांचे ओठ निळसर दिसले. अँब्युलन्सला फोन केला, पोचायला वेळ लागेल म्हणाले. मी म्हणालो, माझ्याकडे गाडी आहे.

लाल गाडीची बैठक जमिनीपासून वीतभर उंच आहे. तिच्यात बसत नाहीत, उतरतात. त्यासाठी गुडघे वाकवावे लागतात, मान वाकवावी लागते, पोटात हवा दाबावी लागते. ज्याला श्वास पुरत नाही अशा चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला ते करता येत नाही. मी त्यांना काखेत धरून खाली नेत होतो आणि ते माझा सदरा मुठीत धरून वर येत होते. त्यांच्या उशाशी असतो तो ऑक्सिजनचा सिलिंडर कुठे ठेवायचा हा प्रश्न मागाहून आला. मागे जागा नाही. मांडीवर धरायचा तर तिसरा माणूस हवा, आणि तिसऱ्या माणसाला बैठक नाही.

शेजारच्या कुसुमताई ओट्यावरून पाहत होत्या. “भाऊ, हे गाडी होय का खेळनं? म्हातारा मानूस याच्यात कसा मावन?” त्या ओरडल्या नाहीत. खरंच विचारत होत्या.

त्यांच्या समोर राहणारे रुपराव ई-रिक्षा चालवतात. रात्रभर भिंतीच्या सॉकेटला लावलेली रिक्षा त्यांनी सोडवली, मागच्या बाकावर आबाजींना आडवं घेतलं. कुसुमताई सिलिंडर धरून समोर बसल्या. मी चढायला गेलो तर जागा उरली नव्हती.

“साहेब, तुमी तुमच्या गाडीनं मांगून या,” रुपराव म्हणाले.

तेव्हा असं झालं की कोराडी रोडवर पुढे ई-रिक्षा, ताशी वीस किलोमीटर, आणि तिच्या मागे पहिल्या गियरमध्ये मी. रात्रभराची राख काचेवर होती, पुसायला थांबलो नाही, वायपरने मधे एक मातकट पंखा काढला त्यातून बघत होतो. आबाजींचे पाय बाकाबाहेर आलेले दिसत होते. ओव्हरटेक करणारे ट्रकवाले आधी रिक्षाकडे बघत, मग माझ्याकडे. वजनकाट्यावर अंकुश बाहेर उभा होता. त्याने सलाम केला नाही, थट्टा केली नाही. मला त्याने त्या दिवशी पहिल्यांदा काट्यावरून न थांबता गाडीतून जाताना पाहिलं, आणि वडील माझ्या गाडीत नव्हते.

हायब्रिड हवी की नको, हा प्रश्न त्या रस्त्यावर सुटला. हवा, पेट्रोल, वीज यांचे माझे सगळे मुद्दे बरोबर असतील. गाडीला दुसरी रांग हवी.

आता जे लपवलं ते लिहितो. तू रुग्णालयात आलीस तेव्हा मी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होतो. वर चढताना मला तू वॉर्डच्या दाराशी दिसलीस. निळी ओढणी, कारखान्याचं ओळखपत्र गळ्यात, थेट कामावरून. मी परत खाली उतरलो आणि आवाराबाहेरच्या चहाच्या ठेल्यावर जाऊन थांबलो. एक तास दहा मिनिटं. तीन चहा प्यालो. हजार माणसांसमोर माझा घसा कधी कोरडा पडला नाही.

वर गेलो तेव्हा आबाजी जागे होते. नाकाला नळी होती, म्हणून एकेक वाक्य सुटं सुटं बोलत होते.

“पोरगी आली होती.”

“हो.”

“तुले माहीत आहे म्हनजे तू खाली होता.”

मी स्टूल ओढून जवळ बसलो.

“तिनं सांगतलं मले. बसचं. तिकिटाचं. आज सांगतलं, साल झालं तरी बोलली नव्हती.” त्यांनी नळीतून श्वास ओढून घेतला. “गाडी चोरून आनली का तू?”

“नाही, बाबा.”

“मंग लपवून काहून राहिला? मी लोकायच्या गाड्या धुतल्या, नागसेन. पन उजेडात धुतल्या.”

मग नर्स आली आणि त्यांना बोलू नका म्हणाली. ते गप्प बसले, कारण त्यांचं झालं होतं.

माझा गणवेशाचा युक्तिवाद तुला आठवत असेल. पहिल्या पत्रात पुन्हा लिहिला आहे. तो मी अनेकदा मनात मंचावरून बोललो आहे, प्रत्यक्षात कधीच नाही. बोललो असतो तर निम्मे लोक उठून गेले असते आणि निम्म्यांनी ऐकलं असतं. मला सगळे हवे होते. म्हणून गाडी शेडमध्ये आणि तिकीट खिशात. गाडीचा मला अभिमान असता तर मी ती मंचापर्यंत नेली असती. तिची लाज असती तर विकली असती. मी दोन्ही ठेवलं, आणि तू ते एका प्रश्नात लोकांना दाखवायला निघाली होतीस.

बाबा


नागपूर, १४ फेब्रुवारी २०२६

उन्नती,

हायब्रिड बुक केली. पांढरी, पाच माणसांची. सुमंतला मी खरं सांगितलं, बसचं आणि काट्याचं. तो जरा वेळ पेन फिरवत राहिला आणि म्हणाला, “काकांना सांगू का सर?” मी म्हणालो, बावीस तारखेपर्यंत थांब, मग तुला सांगायला काही उरणार नाही.

गाडी मार्चच्या अखेरीस मिळेल. लाल गाडीला गिऱ्हाईक मिळालं आहे, तेही गाडी बावीसनंतर नेणार.

बावीसला, रविवारी सकाळी दहाला, कोराडीला सभा आहे. त्याच मैदानावर. आयोजकांनी मला विचारलं होतं, तारीख एप्रिलमध्ये घेऊ का, तुमच्या सोयीने. मी दोन दिवस त्यावर विचार केला. एप्रिलमध्ये पांढरी गाडी आली असती. मी ती मंचाच्या पायऱ्यांशी लावली असती, मागच्या बाकावर आबाजी, शेजारी तुझी आई. लोकांना सांगितलं असतं, मित्रांनो, वक्त्यानेही बदलायला हवं, मी बदललो. टाळ्या पडल्या असत्या, मागच्यापेक्षा जास्त. ती गाडी म्हणजे नवं तिकीट झालं असतं, वर धरून दाखवायला. तारीख बदलू नका असं मी कळवलं.

तेव्हा बावीसला लाल गाडीने जाणार आहे. छप्पर उघडं ठेवून, अंकुशच्या काट्यावरून न थांबता, मंचापर्यंत. त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, “चला, नवरी एकदाची सासरी चालली.” मग गंभीर होऊन म्हणाला, “साहेब, लोक पुन्हा बोलावतील का हो तुमाले?” मला माहीत नाही. तीस वर्षं मी हेच एक काम केलं आहे आणि ते त्या दिवशी संपू शकतं. धुराचा मुद्दा मात्र माझ्याबरोबर पडू नये, म्हणून भाषणातले सगळे आकडे मी छापून घेतले आहेत. ते लोकांच्या हातात आधी देईन.

मागचं जुनं तिकीट पाकिटात घातलं आहे. पाकीट उघडून बघ, तुला वाटेल कोरा कागद पाठवला. ते तेच आहे. माझ्या डायरीत होतं. त्या छपाईची शाई टिकत नाही, उडून गेली. कुठून कुठे ते आता कोणालाच वाचता येणार नाही. म्हणून ते दोन थांब्यांचं होतं हे आधीच्या पत्रात लिहून दिलं.

आणखी एक गोष्ट आहे, जी मी मागच्या पत्रात लिहिली नाही. लिहावी की नाही हे ठरत नव्हतं.

रुग्णालयातून त्या दिवशी निघालो तेव्हा गाडी उन्हात उभी होती. बॉनेटवर, दारांवर राख होती तशीच होती. समोरच्या काचेवर नव्हती. काचेवरून खाली, वायपरच्या खोबणीतून, बॉनेटच्या ओरखड्यांवरून पाण्याचे ओघळ गेले होते आणि वाळले होते. पाण्याची रिकामी बाटली चाकाशी नीट उभी करून ठेवलेली होती. गाडी पुसणारी पोरं पार्किंगमध्ये असतात, ती फडकं घेऊन येतात, पैसे मागतात आणि आधी पुसतात. इथे कोणी पुसलं नव्हतं. नुसतं पाणी ओतून ठेवलं होतं, वरून खाली, सावकाश, राख आपोआप सुटावी असं. हात लावायचं काम माझ्यासाठी ठेवलं होतं.

तसं करायला आबाजींनी आयुष्यात दोनच माणसांना शिकवलं. त्यातला एक चहाच्या ठेल्यावर होता.

मी तुला विचारत नाही. मी ती काच ओल्या फडक्याने पुसली आणि घरी आलो.

आता काम. तुला क्षमा मागतो असं या चार पत्रांत कुठे लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. ज्या जागी मी म्हणालो की या ताई कोण मला माहीत नाही, ते वाक्य मागे घ्यायची जागाही तीच आहे. तिथे तेच लोक असतील. माइक माझ्या हातात असेल. पण मी आपणहून सांगितलं तर ते भाषण होईल, आणि भाषण मला फार चांगलं येतं. ते विचारलं जायला हवं. तुझ्याशिवाय दुसरं कोणी ते विचारणार नाही.

आबाजी येणार आहेत, रुपरावांच्या रिक्षाने. तुझी आई त्यांच्याबरोबर असेल. तू पुढे बसू नकोस, शेवटून तिसऱ्या रांगेतच बस. माझं बोलून झालं की सूत्रसंचालक विचारतील, कोणाला काही विचारायचं आहे का. तेव्हा मी उत्तर देईन आणि विचारणारी कोण आहे, कोणाची आहे, तेही नाव घेऊन सांगेन.

बावीस तारखेला ये, हात वर कर, उभी राहा आणि तोच प्रश्न त्याच शब्दांत पुन्हा विचार.

बाबा